पाटे काढण्याआधी: जुन्या फोर-बाय-फोरला नवं सस्पेंशन

जुन्या फोर-बाय-फोरच्या पाट्यांना, म्हणजे पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंगना, नावं ठेवणं सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, 1948 साली आलेली पहिली लँड रोव्हर, 1960 ते 1984 या काळात बनलेली टोयोटाची एफजे40, या सगळ्या चारही कोपऱ्यांत पाट्यांवर उभ्या होत्या आणि सगळ्यांनी आत बसणाऱ्यांची हाडं खिळखिळी केली. पुढे 1970 मध्ये रेंज रोव्हर कॉइल स्प्रिंग घेऊन आली, 1983 मध्ये लँड रोव्हरच्या वन टेननेही तोच रस्ता धरला आणि जीप रँग्लरने 1997च्या मॉडेलला पाटे सोडले. मग जुन्या गाडीच्या मालकाला वाटतं, आपणही पाटे काढावेत, कॉइल घालावी, विषय संपला. पण पाटा ही नुसती स्प्रिंग नसते.

गाडीचं वजन पाटा पेलतो. अॅक्सल पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे सरकणार नाही, हेही तोच बघतो. गाडी वेग घेताना आणि ब्रेक दाबताना अॅक्सलचं घर स्वतःभोवती फिरू पाहतं, त्यालाही तोच धरून ठेवतो. शिवाय पानावर पान (पाट्यातली पट्टी) घासून हेलकावे थोडेफार जिरवतो. कॉइल यातलं फक्त पहिलं काम करते. उरलेल्या कामांसाठी रेडियस आर्म (अॅक्सलला पुढे-मागे धरणारे दांडे), पॅनहार्ड रॉड (डावी-उजवीकडे धरणारा दांडा) आणि दमदार शॉकअब्सॉर्बर लागतात, आणि त्यांचे ब्रॅकेट पन्नास-साठ वर्षांच्या चॅसीवर वेल्ड करावे लागतात. म्हणून बहुतेक गाड्यांसाठी शहाणपणाचा मार्ग वेगळा आहे: पाटेच ठेवायचे, पण पॅराबोलिक, आणि त्यांना जुळणारे गॅस शॉकअब्सॉर्बर. चॅसीला वेल्डिंग नाही, उद्या वाटलं तर जुने पाटे परत चढवता येतात.

जुना पाटा कडक वाटतो तो केवळ स्टील जाड आहे म्हणून नव्हे. त्यात सात ते अकरा पानं एकमेकांवर दाबून बसवलेली असतात. चाक वर गेलं की प्रत्येक पान शेजारच्या पानावरून सरकावं लागतं, आणि ठरावीक जोर लागेपर्यंत ते सरकतच नाही. जड कपाट ढकलताना होतं तसं: आधी हलत नाही, मग एकदम सुटतं. त्यामुळे बारीक खड्ड्यांवर पाटा गोठल्यासारखा राहतो, सस्पेंशन जणू नसतंच, आणि गाडी फक्त टायरच्या हवेवर उसळते. पानांमध्ये गंज चढला की हा उंबरठा आणखी वर जातो. पन्नास वर्षांच्या गाडीत बसून ‘हिचं सस्पेंशनच असं’ म्हणणारे बऱ्याचदा गंजाला शिव्या देत असतात. पाटे उतरवून, पानं सुटी करून, घासून, ग्रीस लावून परत बांधले तरी कळण्याइतका फरक पडतो. नव्या पाट्यांचा खर्च करण्याआधी हे करून बघावं.

पॅराबोलिक पाट्यात पानं दोन किंवा तीनच असतात, मधे जाड आणि टोकांकडे निमुळती. हा निमुळतेपणा हिशेबातून येतो. पान मधे पकडलेलं आणि भार टोकाशी, त्यामुळे वाकवणारा जोर टोकापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढत जातो. धातूवरचा ताण मात्र जाडीच्या वर्गाने कमी होतो. म्हणजे टोकापासून मधल्या भागापर्यंत ताण सारखा ठेवायचा तर जाडी अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढली पाहिजे, आणि अशा जाडीचा आलेख म्हणजे पॅराबोला. सगळं स्टील सारखंच राबतं, म्हणून कमी पानांत तेवढंच वजन पेललं जातं. पानं एकमेकांना फक्त मधे आणि टोकांशी टेकतात, बाकी ठिकाणी फट असते. घर्षण जवळजवळ गेलं, पाटा लहान खड्ड्यालाही उत्तर देऊ लागला.

इथेच बहुतेकांची फसगत होते. घर्षण गेलं म्हणजे हेलकावे जिरवणारंही गेलं. जुने शॉकअब्सॉर्बर त्या घर्षणाच्या मदतीवर बेतलेले असतात. तेच ठेवले तर गाडी एका उंचवट्यानंतर तीन-चार वेळा वरखाली झुलत राहते.

किती शॉकअब्सॉर्बिंग हवं, याचा अंदाज कागदावर काढता येतो. समजा पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक आणि अॅक्सल सोडून, 350 किलो वजन आहे. गाडीचा वरखाली होण्याचा वेग सेकंदाला दीड वेळा, म्हणजे 1.5 हर्ट्झ, असावा असं ठरवलं तर स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला सुमारे 31 न्यूटन येतो, आणि नुसत्या उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग सुमारे 11 सेंटीमीटर दबते. दबणं 5 सेंटीमीटरच असेल तर वारंवारता 2.2 हर्ट्झवर जाते आणि गाडी हादरे देऊ लागते. माणसाचं शरीर 4 ते 8 हर्ट्झच्या उभ्या कंपनांनी सगळ्यात जास्त हैराण होतं, तेव्हा त्या पट्ट्यापासून जेवढं खाली राहता येईल तेवढं बरं. याच कोपऱ्याला, हेलकावा अजिबात न होऊ देणाऱ्या दमनाच्या साधारण 30 टक्के दमन पुरतं. म्हणजे आतला दांडा सेकंदाला 0.3 मीटर वेगाने हलत असताना शॉकअब्सॉर्बरने सुमारे 600 न्यूटन विरोध करावा. तो तिरका बसवला असेल तर थोडा जास्त. यापेक्षा फार कडक, विशेषतः उलट्या दिशेला (परत उघडताना) कडक, घेतला तर लागोपाठच्या खड्ड्यांत पाटा परत उघडायला वेळच मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते.

गॅसचा भाग समजून घ्यावा. कच्च्या रस्त्यावर दांडा सतत घुसळला की साध्या शॉकअब्सॉर्बरमधल्या तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेस झडपेतून विरोधाशिवाय निसटतो. दाबाखालचा नायट्रोजन हा फेस होऊ देत नाही. गॅसने गाडी उचलली जाते हा मात्र गैरसमज. त्या दाबाने पडणारा फरक नगण्य.

लांबी मोजल्याशिवाय शॉकअब्सॉर्बर मागवू नये. शॉकअब्सॉर्बर काढून ठेवा, एका चाकाखाली जॅक लावून अॅक्सल बंप स्टॉपच्या (अॅक्सलला वर अडवणाऱ्या) रबराला टेकेपर्यंत वर न्या आणि वरच्या-खालच्या माउंटिंगमधलं अंतर मोजा. पूर्ण दबलेल्या शॉकअब्सॉर्बरची लांबी याहून 10 ते 15 मिलिमीटर कमी हवी, कारण रबरही दबतं. मग चॅसीखाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावून अॅक्सल लोंबू द्या आणि तेच अंतर पुन्हा मोजा. ब्रेकचा होज या अवस्थेत ताणला गेला, तर आधी होज लांब करायचा.

आता बसवण्याकडे. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे) बोल्ट बुशच्या (टोकातल्या रबरी अस्तराच्या) आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. आठवडाभर आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा, तरी एखादा बोल्ट कापावाच लागेल असं गृहीत धरा. सिरीज लँड रोव्हर आणि विलीजचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्समागे) शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे दुसरं चाक मोकळं फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी चालू पडते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून अडणी, आणि एका वेळी एकच अॅक्सल. डावा आणि उजवा पाटा सारखाच आहे असंही समजू नका. काही मॉडेल्सना ड्रायव्हरच्या बाजूचा वेगळा असतो.

सेंटर बोल्टचं (पानं मधोमध एकत्र बांधणाऱ्या बोल्टचं) डोकं अॅक्सलच्या गादीतल्या भोकात नीट बसलंय ना, हे हाताने चाचपून बघा. बसलं नसेल तर अॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पाटा अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घालायचे. ते आवळताना ताणले जातात आणि आटेही थोडे खराब होतात. जुन्याला पुन्हा आवळलं की टॉर्क पाना आकडा दाखवतो, पकड मात्र तेवढी नसते. चारही नट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत.

शॅकल आणि पाट्याच्या डोळ्याचे (टोकाच्या गोल भोकातले) बोल्ट मात्र आत्ता फक्त हलके लावा. चाकं चढवा, गाडी जमिनीवर उतरवा, बंपरवर चार वेळा दाबून हलवा आणि मगच पूर्ण आवळा. रबरी बुशची आतली नळी शॅकलच्या पट्ट्यांमध्ये घट्ट धरली जाते आणि पाटा हलतो तेव्हा मधलं रबर पिळतं. अॅक्सल लोंबत असताना आवळलं, तर उभ्या गाडीतही रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी उगाच उंच दिसते, चाल कडक येते आणि बुश लवकरच फाटतं. ‘नवीन पाटे कडक निघाले’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. पॉलीयुरेथेनच्या बुशना ही अडचण कमी, कारण त्यातली नळी फिरते. पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर किरकिर ठरलेली.

उंचीचा मोह आवरावा. लांब शॅकल लावले तर वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते, 50 मिलिमीटरला 25, आणि अॅक्सल तिरपा होतो तो वेगळाच. पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि गाडी वेगात भरकटते. शॅकल मागच्या टोकाला असेल तर कॅस्टर वाढतो, पण अॅक्सलचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडला जातो ते टोक) खाली झुकतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन सारखे असले तरच एकाचा वेगातला चढउतार दुसरा खोडून काढतो. एकटा क्रॉस 10 अंशांत असेल तर बाहेर जाणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा दीड टक्का कमीजास्त होतो, 20 अंशांत सहा टक्के. कोन बिघडलेत हे कळतं ते ठरावीक वेगाला पायाखाली येणाऱ्या घरघरीतून.

इतकं करून कॉइलच हवी असेल, तर पॅनहार्ड रॉड स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकला (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला) समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळेल. कॉइल निवडताना तारेच्या जाडीवर नजर ठेवा: कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे बाकी मापं तीच ठेवून 16 मिलिमीटरऐवजी 17ची तार घेतली की स्प्रिंग 27 टक्के कडक.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण पानं, गादी आणि रंगाचा थर दबून जागेवर बसतात. 500नंतर आणखी एकदा. नवे पाटे या काळात थोडे खाली बसतात, त्यामुळे हेडलाइटची उंची त्यानंतरच लावावी.