रिकाम्या खुर्च्यांचं गणित

आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा फोटो कुठे छापून आला की त्याखाली एक टोमणा हमखास येतो: निम्मे लोक तर नुसते खुर्च्या उबवतायत! खर्चाला कात्री लावायला निघालेल्यांनाही हाच प्रश्न पडतो. पाच जण पाळीवर, आणि प्रत्येक जण तासातली छत्तीस मिनिटं मोकळा. मग तिघांत भागवा की. सरासरी काढली तर खरं म्हणजे दोघंही पुरतात! ही सरासरीच इथे दगा देते. ती कसा दगा देते, हे एका डॅनिश गणितज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच कागदावर मांडून ठेवलंय.

आपत्कालीन क्रमांकांचा जन्मच मुळी एका रांगेतून झाला. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला, पण तो टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकून पडला. त्या आगीत पाच स्त्रियांचा जीव गेला. शेजाऱ्याने वर्तमानपत्राला संतापून पत्र लिहिलं, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. ऑपरेटरने हातातलं काम टाकून तो फोन आधी घ्यायचा. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात खणखणला. युरोपने १९९१ मध्ये ११२ हा सामायिक क्रमांक ठरवला, पुढे भारतानेही तोच घेतला.

क्रमांक ठरवणं सोपं. तो लावल्यावर पलीकडे कुणीतरी मोकळं असणं, हे अवघड.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर क्रारुप एर्लांग नावाचा गणितज्ञ नोकरीला होता. एक्स्चेंजमध्ये किती तारा आणि किती ऑपरेटर लागतील, हा त्याच्यापुढचा रोकडा प्रश्न. १९०९ मध्ये त्याने यावरचा पहिला लेख लिहिला आणि १९१७ मध्ये ती सूत्रं दिली, जी आजही जगभरच्या कॉल सेंटरांत आणि आपत्कालीन केंद्रांत वापरली जातात. कामाच्या ओझ्याच्या एककाला त्याचंच नाव आहे.

समजा, एका छोट्या केंद्रात तासाला सरासरी ३० फोन येतात. फोन घेऊन, नोंद पुरी करून पुढच्या फोनसाठी मोकळं व्हायला सरासरी ४ मिनिटं लागतात. म्हणजे दर तासाला १२० मिनिटांचं काम, दोन माणसांच्या पूर्ण वेळेइतकं. ओझं झालं २ एर्लांग. आता दोनच माणसं बसवली तर कागदावर हिशेब चोख जुळतो, आणि प्रत्यक्षात रांग दिवसागणिक लांबतच जाते.

कारण फोन दर दोन मिनिटांनी एक असे शिस्तीत येत नाहीत. एकाला धाप लागली म्हणून दुसऱ्याचं घर पेटायचं थांबत नाही. फोन एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर तासातल्या दोन-दोन मिनिटांच्या तीस तुकड्यांपैकी साधारण अकरांत एकही फोन येत नाही, अकरांत एक येतो, पाच-सहांत दोन येतात आणि दोन-तीन तुकडे असे निघतात की त्यांत तीन किंवा त्याहून जास्त फोन येऊन आदळतात. याला प्वासाँ वितरण म्हणतात. आता मेख पाहा. रिकाम्या गेलेल्या दोन मिनिटांची भरपाई होत नाही, कारण न आलेला फोन आगाऊ घेऊन ठेवता येत नाही. तुंबलेलं काम मात्र पुढच्या दोन मिनिटांच्या डोक्यावर जाऊन बसतं. फुकट गेलेला वेळ साठत नाही, राहिलेलं काम साठतं. सरासरीला हा भेद दिसतच नाही.

एर्लांगची युक्ती मला फार आवडते, म्हणून थोडं खोलात जातो. कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा. या क्षणी केंद्रात किती फोन आहेत, एवढाच आकडा बघायचा: शून्य, एक, दोन, तीन. नवा फोन आला की आकडा एकाने वर, एखादा संपला की एकाने खाली. वर जायचा वेग कायम तेवढाच, तासाला ३०. खाली यायचा वेग मात्र किती जण काम करतायत त्यावर ठरतो: एकटा असेल तर तासाला १५, दोघं असतील तर ३०, तिघं असतील तर ४५. दीर्घ काळात ‘दोनावरून तीन’ जितक्या वेळा होईल तितक्याच वेळा ‘तीनावरून दोन’ व्हायला हवं, नाहीतर आकडा कुठेतरी निसटून जाईल. या एवढ्या एका अटीवरून प्रत्येक आकड्यावर किती टक्के वेळ जातो ते निघतं. आणि माणसं तीनच असतील तर तिनाच्या पुढे खाली यायचा वेग ४५ वरच खुंटतो. चौथा, पाचवा, सहावा फोन आला तरी ४५. रांग नेमकी तिथून सुरू होते. तिची सरासरी लांबी काढताना उत्तरात एक भागाकार येतो आणि त्याच्या छेदात बसलेलं असतं ‘माणसं वजा ओझं’. हा फरक शून्याकडे सरकला की प्रतीक्षा आकाशाला भिडते.

आमच्या केंद्राची उत्तरं अशी येतात. तीन माणसं असतील तर फोन करणाऱ्याला थांबावं लागण्याची शक्यता ४४ टक्के. चार असतील तर १७, पाच असतील तर ६ आणि सहा असतील तर २ टक्क्यांहून कमी. सगळ्या फोनांची मिळून सरासरी प्रतीक्षा तिघांच्या वेळी सुमारे पावणेदोन मिनिटं, चौघांच्या वेळी २१ सेकंद, पाच जणांच्या वेळी ५ सेकंद. ज्याचं हृदय बंद पडलंय त्याच्या जगण्याची शक्यता छातीदाब आणि विजेचा झटका मिळाला नाही तर दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. तेव्हा १२० मिनिटांचं काम पाच जणांत वाटल्यावर प्रत्येकाकडे उरणारी ती छत्तीस मोकळी मिनिटं कुणाच्या आळसाची नाहीत. तीच तर विकत घेतलेली गोष्ट आहे.

याच प्वासाँमुळे एक गंमतही होते. आपत्कालीन सेवांत आणि रुग्णालयांत ‘आज शांत आहे’ असं कुणी म्हटलं की बाकीचे त्याच्यावर डोळे वटारतात; तसं म्हटलं की गर्दी उसळते, असा समज आहे. पौर्णिमेच्या रात्रीबद्दलही तेच. पण स्वतंत्र घटना नैसर्गिकपणेच घोळक्याने येतात, आणि ‘शांत आहे’ हे वाक्य माणूस शांततेतच बोलतो, म्हणजे त्यानंतर बदल झाला तर तो गर्दीकडेच होणार! इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने तर याची रीतसर यादृच्छिक चाचणी घेतली, तिचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला: तो शब्द उच्चारल्याने कामात काही फरक पडला नाही. समज अर्थातच शाबूत आहे.

स्थानिक केंद्रांचं गेल्या काही दशकांत जे झालं, तेही याच सूत्रात दडलंय. आपल्यासारखंच दुसरं केंद्र शेजारी आहे असं धरा. दोन्हीकडे पाच-पाच, एकूण दहा माणसं. दोन्ही एकत्र केली तर तेवढीच सेवा आठ माणसांत मिळते. चार केंद्रं एकत्र केली तर विसाऐवजी चौदांत काम भागतं, आणि प्रतीक्षा उलट थोडी घटते. एकीकडची गर्दी आणि दुसरीकडची सामसूम एकमेकांना सांभाळून घेतात. गावोगावची छोटी केंद्रं मिटत जाऊन मोठी प्रादेशिक केंद्रं उभी राहण्यामागे पैसा आहेच, पण त्या पैशामागे हे गणित आहे.

सूत्र जे मोजत नाही ते मात्र गमावलं जातं. ‘पाण्याच्या जुन्या टाकीमागे’ एवढ्यावर जागा ओळखणारा माणूस मोठ्या केंद्रात नसतो, आणि मग आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून पहिला प्रश्न बहुधा ‘काय झालं?’ नसतो, ‘तुम्ही नेमके कुठे आहात?’ असतो. लाइन तुटली तरी जागा कळलेली असली की गाडी निघू शकते. नुसत्या मोबाइल टॉवरवरून काढलेली जागा कधी कधी काही किलोमीटरने चुकते. गेल्या दशकात फोन स्वतःच उपग्रह आणि वायफाय वापरून आपली जागा आपोआप कळवू लागले. अँड्रॉइडवर ही सोय २०१६ मध्ये आली, आयफोनवर २०१८ मध्ये. जिथे केंद्राने ती जोडून घेतली आहे तिथे चूक बरेचदा काही मीटरांवर येते. जिथे नाही, तिथे फोन कितीही महागडा असो, त्याचा उपयोग नाही. मजला मात्र अजूनही तुम्हालाच सांगावा लागतो.

फोन घेणारा प्रश्न विचारत टाइप करत असतो आणि त्याच वेळी त्याच्या स्क्रीनवरचं दुसऱ्या टेबलावरचा डिस्पॅचर वाचत असतो. तो गाडी कधीच सोडून मोकळा झालेला असतो. ‘प्रश्न विचारत बसलात, गाडी पाठवा आधी!’ हा राग म्हणूनच अनाठायी असतो. प्रश्न दोनच निर्णायक असतात: शुद्धीवर आहेत का, आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का? ‘घोरतायत’ हे उत्तर आलं की कसलेला माणूस सावध होतो. हृदय थांबल्यावर काही मिनिटं असे अडखळते, घोरल्यासारखे उसासे येतात. नातेवाइकांना वाटतं, श्वास चाललाय. तो लगेच सांगतो: त्यांना जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध तळहात ठेवा, जोरात दाबा, माझ्याबरोबर मोजा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. गाडी वाटेत असताना उपचार सुरू झालेले असतात.

हे ओळखायचं काम आता एआय करणार, अशा बातम्या अधूनमधून येतात. एर्लांगच्याच कोपनहेगनमध्ये याची चाचणी झाली. फोनवरचं बोलणं ऐकून संगणकाने हृदयबंद ओळखण्यात चांगली मजल मारली, पण त्याचा इशारा मिळालेल्या कर्मचाऱ्यांची कामगिरी न मिळालेल्यांपेक्षा लक्षणीय सुधारली नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाची बातमी अर्थातच तितकी गाजली नाही.

एर्लांगचं सूत्र दोन ठिकाणी लंगडं पडतं, हेही सांगायला हवं. फोन स्वतंत्र येतात असं ते धरतं. रस्त्यावर गाड्या धडकल्या की एकाच घटनेचे डझनावारी फोन येतात. दुसरं, लोक रांगेत मुकाट थांबतात असंही ते धरतं. ऑक्टोबर १९९२ मध्ये लंडनच्या अँब्युलन्स सेवेची नवी संगणक प्रणाली कोलमडली तेव्हा नेमकं याच्या उलट घडलं. कुठली गाडी कुठे आहे याचा प्रणालीला पत्ता लागेना, गाड्या उशिरा पोचू लागल्या, मग तेच लोक ‘कुठे आहे गाडी?’ विचारायला पुन्हा फोन करू लागले, आणि त्या फोनांनी रांग आणखी फुगली. ओझं स्वतःलाच वाढवू लागलं की कितीही माणसं असली तरी पुरत नाहीत.

म्हणून रांगेत असाल तर फोन कापून पुन्हा लावू नका. बहुतेक ठिकाणी तुम्ही शेवटी जाता आणि तुटलेल्या फोनची चौकशी कुणाला तरी करावी लागते. चुकून लागलेल्या फोनचंही तसंच. २०२३ मध्ये अँड्रॉइडमधल्या एका सोयीमुळे ब्रिटनमध्ये खिशातल्या खिशात ९९९ लागू लागला आणि असे मुके फोन खूप वाढले. कापलात तर केंद्राला उलट फोन करून खात्री करावी लागते, तुम्ही उचलला नाहीत तर पुन्हा करावा लागतो. ‘चुकून लागला, सगळं ठीक आहे’ म्हणायला पाच सेकंद पुरतात.