‘डिप्लोमसी’च्या पटावरचा दगा आणि पटाबाहेरची नीती : पार्श्वभूमी

डावपेचांच्या खेळात दिलेला शब्द मोडणे हा खोटेपणा मानायचा की खेळाचाच भाग, हा वाद संगणकीय खेळांच्या निमित्ताने अलीकडे पुन्हा रंगला असला, तरी त्याला आजचे वळण मिळाले ते 1959 मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळामुळे. बुद्धिबळात हा प्रश्न उद्भवत नाही. दोन्ही सैन्ये डोळ्यांसमोर उभी असतात, चकवायचे ते चालीने, आणि वचनच दिलेले नसल्याने ते मोडण्याचीही सोय नसते. द्यूताची गोष्ट निराळी. सभापर्वात फासे पडण्यापूर्वीच युधिष्ठिर शकुनीला बजावतो की कपटाने खेळणे पाप आहे आणि त्यात क्षत्रियाचा पराक्रम नाही. त्यावर शकुनी म्हणतो की जाणता अजाणत्याला हरवतो तेही कपटच, पण लोक त्याला कपट म्हणत नाहीत. शकुनीचा हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. मात्र तिथे पणाला लागलेले राज्य खरे होते. ज्या खेळात सोंगट्यांखेरीज काहीच पणाला नसते, तिथे युधिष्ठिराचा आक्षेप टिकतो का, हा पुढचा प्रश्न आहे.

‘डिप्लोमसी’चा निर्माता ॲलन कॅलहॅमर हा हार्वर्डचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर लिहिणारे इतिहासकार सिडनी फे यांच्या अभ्यासाचा त्याच्यावर प्रभाव होता. 1954 पर्यंत खेळाचा आराखडा तयार झाला होता. प्रकाशकांनी नाकारल्यावर त्याने 1959 मध्ये पदरमोड करून 500 संच छापले. (हाच कॅलहॅमर पुढे अनेक वर्षे पोस्टमन म्हणून टपाल वाटत होता, आणि त्याचा खेळ टपालानेच जगभर पसरला.) पटावर महायुद्धापूर्वीचा युरोप असतो, सात सत्ता असतात आणि 34 केंद्रे (सैन्याला रसद पुरवणारे प्रदेश), त्यांपैकी 18 ज्याच्या हाती येतील तो जिंकतो. फासे नाहीत, पत्ते नाहीत. प्रत्येक सैन्याचे बळ सारखेच असल्यामुळे दुसऱ्याच्या पाठबळाशिवाय समोरच्या फौजेला हटवणे अनेकदा अशक्य होते, म्हणून तह करावाच लागतो. आणि निखळ विजय एकालाच मिळत असल्यामुळे तो तह कधीतरी मोडण्याचा मोह प्रत्येकाला होतोच.

प्रत्यक्ष डावात हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. खेळातल्या 1901 च्या वसंतात रशिया आणि तुर्कस्तान खोलीच्या कोपऱ्यात जाऊन ठरवतात की काळा समुद्र दोघांनीही मोकळा ठेवायचा. मग प्रत्येक जण आपापला हुकूम चिठ्ठीवर गुपचूप लिहितो आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी उघडल्या जातात. सेव्हास्तोपोलचे आरमार काळ्या समुद्रात शिरले असेल, तर तुर्की खेळाडूला आपली फसगत सर्वांसमक्ष कळते. आणि त्यानेही अंकाराहून तोच हुकूम लिहिला असेल, तर दोन्ही आरमारे जागच्या जागी अडतात आणि दोघेही खोटे बोलले होते हे उघड होते. मराठी राजकीय वार्तांकनात गुळगुळीत झालेला ‘पाठीत खंजीर’ इथे नियमांच्या चौकटीत बसवलेला आहे. कोणाचेही बोलणे वा लिहिणे त्याच्यावर बंधनकारक नाही आणि विश्वास कोणावर ठेवायचा हे ओळखणे हाच खेळाचा भाग आहे, असे नियमपुस्तिकाच सांगते.

तरीही इथे नीती नव्हती असे म्हणणे चुकीचे ठरेल. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमन यांनी टपालाने डाव चालवायला सुरुवात केली आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या पत्रव्यवहारातून अलिखित मर्यादा आकाराला आल्या. प्रतिस्पर्ध्याला हवे तितके फसवावे, पण डावाच्या संचालकाला फसवू नये. एका डावातली मैत्री किंवा सूड दुसऱ्या डावात नेऊ नये. पटाबाहेरचे आमिष किंवा धमकी वापरू नये. खोटे बोलण्याला मुभा आणि त्या मुभेला कुंपण, अशी ही रचना आहे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी 1938 मध्येच खेळाला दैनंदिन जीवनापासून अलग काढलेले, स्वतःच्या नियमांचे क्षेत्र म्हटले होते. पण असे क्षेत्र आपोआप अलग राहत नाही, ते राखावे लागते, हे टपाली खेळाडूंच्या वादांतून जितके स्पष्ट होते तितके तात्त्विक ग्रंथांतून होत नाही. उलट दिशेचा, म्हणजे खेळातली मुभा बाहेर नेण्याचा, धोकाही लवकरच दिसला : 1968 मध्ये आल्बर्ट कार यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये असा मुद्दा मांडला की धंद्यातली थापेबाजी पोकरमधल्या थापेबाजीसारखीच निर्दोष आहे. पोकरच्या टेबलावर बसणारा स्वखुशीने बसतो. ग्राहकाने किंवा नोकराने तशी संमती कधी दिली, याचे उत्तर त्या युक्तिवादात सापडत नाही.

आइसलंडमधील सीसीपी या कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ (2003) या इंटरनेटवरच्या सामूहिक खेळात या कुंपणाची मोठी कसोटी लागली. 2005 मध्ये एका गटाने प्रतिस्पर्धी संघटनेत आपली माणसे घुसवून, महिनोन्‌महिने विश्वास संपादन करून तिची कोठारे एका रात्रीत रिकामी केली. कंपनीने हे खेळाच्या नियमांत बसते म्हणून कोणालाही शिक्षा केली नाही. मात्र 2012 च्या रेक्याविक येथील मेळाव्यात एका बड्या आघाडीच्या प्रमुखाने, आत्महत्येचे विचार बोलून दाखवलेल्या एका खेळाडूची व्यासपीठावरून टिंगल करून त्याला छळण्याचे आवाहन केले, तेव्हा त्याच कंपनीने त्याला 30 दिवसांसाठी खेळातून काढले. माझ्या मते हे दोन निर्णय परस्परविरोधी नाहीत. लुटले जाण्याची जोखीम खेळात शिरतानाच पत्करलेली असते, छळाची नसते.

संमतीचा हा निकष जिथे अपुरा पडतो तो भाग म्हणजे खेळांचे विषय. ‘पोर्तो रिको’ (2002) या जर्मन पटात मळ्यांवर राबणाऱ्या तपकिरी चकत्यांना गुलाम न म्हणता ‘वसाहतकरी’ म्हटले होते, आणि आफ्रिकेच्या लचकेतोडीवरचा एक पट टीकेनंतर 2019 मध्ये प्रकाशकाने छापण्याआधीच मागे घेतला. या पटांवर ज्यांचे हाल दाखवले जातात ते टेबलाभोवती बसलेले नसतात, त्यामुळे खेळाडूंच्या आपसातल्या सहमतीने हा प्रश्न सुटत नाही; तो इतिहास सांगण्याच्या जबाबदारीचा प्रश्न आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये मेटा कंपनीने ‘सिसेरो’ हा ‘डिप्लोमसी’ खेळणारा संगणकीय कार्यक्रम जाहीर केला आणि मूळ वाद नव्याने उभा राहिला. ऑनलाइन 40 डावांत तो एकाहून अधिक डाव खेळलेल्या खेळाडूंच्या वरच्या दहा टक्क्यांत आला. तो बहुतांशी प्रामाणिक राहतो असा निर्मात्यांचा दावा होता. 2024 मध्ये काही संशोधकांनी त्याचेच संवाद पुढे ठेवून तो खोडला. फ्रान्सच्या बाजूने खेळताना त्याने उत्तर समुद्रावरच्या चढाईचा बेत जर्मनीशी आखला आणि त्यानंतर इंग्लंडला, तिथे कोणी शिरल्यास मी तुमच्या बाजूने उभा राहीन, असे सांगितले. कॅलहॅमरच्या नियमांप्रमाणे यात वावगे काहीच नाही. दुसरे उदाहरण वेगळे आहे : यंत्रणा दहा मिनिटे बंद पडल्यावर कुठे होतास असे विचारले असता, मैत्रिणीशी फोनवर बोलत होतो, असे त्याने उत्तर दिले. ही थाप पटावरच्या कोणत्याही केंद्राविषयी नव्हती. हे डाव ज्या संकेतस्थळावर झाले, तिथे काही प्रकारच्या डावांत संशोधनासाठी यंत्रे खेळू शकतात अशी सूचना होती; पण या विशिष्ट डावांत समोर यंत्र आहे हे खेळाडूंना संशोधन संपल्यावरच कळवण्यात आले.