‘सर्व्हे करून द्या’ म्हणण्याआधी

आम्ही बाजार संशोधन करतो. आमच्याकडे येणारे बहुतेक व्यावसायिक बसता बसताच विचारतात, ‘सर्व्हे करायचाय, किती होतील?’ त्यावर आमचा उलट प्रश्न असतो: उत्तर हाती आल्यावर तुम्ही नेमकं काय ठरवणार? दुसरं दुकान टाकायचं, भाव वाढवायचा, की विक्री का घसरली ते शोधायचं? संशोधनाचा प्रकार त्यावर ठरतो, आणि खर्चही.

काही वेळा दारोदार फिरायची गरजच नसते. तालुक्यात कुटुंबं किती, हे जनगणनेत मिळतं (आकडे २०११ चे आहेत, हे लक्षात ठेवून वापरायचे). केंद्र सरकारच्या घरखर्च पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशात माणशी सरासरी मासिक खर्च शहरात ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागात ४,१२२ रुपये होता. शिवाय तुमची स्वतःची बिलं आहेतच. ती महिनावार लावली तरी बऱ्याच शंका मिटतात. हे दुय्यम संशोधन. स्वस्तात पडतं, म्हणून आधी हेच.

‘का?’ हे हवं असेल तर गुणात्मक संशोधन, म्हणजे आठ-दहा गिऱ्हाइकांशी निवांत बोलणं किंवा गटचर्चा. यातून कारणं कळतात, टक्केवारी नाही. आठातले सहा जण म्हणाले म्हणून ‘७५ टक्के ग्राहकांची पसंती’ असं पाकिटावर छापायला आम्ही मदत करणार नाही.

‘किती?’ हे हवं असेल तर संख्यात्मक, म्हणजे तुमच्या मनातला सर्व्हे. ‘शहर मोठं, मग माणसंही जास्त लागतील ना?’ असं हमखास विचारलं जातं. तसं नाही. चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी सुमारे ४०० माणसं निवडली, तर शंभरातल्या ९५ वेळा मिळालेली टक्केवारी खऱ्या टक्केवारीच्या फार तर पाच अंक मागेपुढे येते. मग शहर एक लाखाचं असो वा दहा लाखांचं. ही चूक निम्म्यावर आणायची तर १,६०० माणसं लागतात. बिल तिथे फुगतं.

निवड चुकली तर मात्र संख्या कामाची नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि अंदाज निघाला लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं घेतली होती ती फोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या काळात गरिबाकडे दोन्ही नव्हतं. उत्तर पाठवायची तसदी घेणारेही वेगळेच निघाले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉर्म टाकून होतं ते साधारण हेच.

प्रश्नाचे शब्दही तोलावे लागतात. ‘आमचा मसाला आवडला का?’ असं विचारलं की माणूस भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतो. आम्ही विचारतो, ‘शेवटचा मसाला कुठला आणला? पुडी दाखवता का?’ डब्यात काय आहे ते दिसलं की पुढचं बोलणं खरं होतं.

आणि भाव वाढवल्याने विक्री पडेल का, हे विचारून कळत नाही; करूनच बघावं लागतं. सारख्या चालणाऱ्या दुकानांपैकी काहींत नवा भाव, बाकीच्यांत जुना. दिवाळीच्या तोंडावर हा प्रयोग करू नये, फरक भावाचा की सणाचा ते सांगता येत नाही.

पहिल्या भेटीला वर्षभराची बिलं आणि तुमचा एक प्रश्न घेऊन या. उत्तरं देणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर मात्र आम्ही कुणालाच देत नाही, तुम्हालाही नाही.