इंजिन दमदार, म्हणजे ट्रेलर ओढेलच?

समज असा: इंजिन दमदार असलं की जुनी पिकअपही मोठा कॅम्पिंग ट्रेलर सहज ओढते.

ओढणं सोपं, थांबवणं अवघड. वाईकडे पसरणी घाट उतरताना मागचं दोन टन वजन गाडीला पुढे ढकलतं, तेव्हा कस ब्रेकचा लागतो. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर येतो; २००० किलोला २०० ते ३०० किलो. तो पिकअपच्या वहनक्षमतेतूनच जातो, माणसं-सामान वेगळंच.

जुनी पिकअप विकत घेण्याआधी ताडून बघा. आरसीवरच्या भरल्या वजनातून रिकामं वजन वजा करा; उरते ती वहनक्षमता, तिच्यात हुकवरचा भार, माणसं आणि सामान बसायला हवं. ट्रेलर सामानासकट वजनकाट्यावर चढवा आणि आकडा गाडीच्या पुस्तिकेतल्या ओढण्याच्या मर्यादेशी जुळवा. मग खाली वाकून पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पानं रचलेल्या स्प्रिंगा, बघा. एखादं पान चिरलेलं दिसलं, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव बोला.