गाभा तोच, संसार वेगळा

एएमडी कंपनीचे दोन प्रोसेसर २०२२ साली दीडएक महिन्याच्या अंतराने बाजारात आले. एक टेबलावरच्या संगणकासाठी, रायझन ९ ७९५०एक्स. दुसरा सर्व्हरसाठी, म्हणजे एकाच वेळी अनेकांना सेवा देणाऱ्या संगणकासाठी, एपिक ९६५४. दोघांवरचं धातूचं झाकण काढलं तर आत सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकत्या दिसतात. प्रत्येक चकतीवर आठ कोअर, म्हणजे हिशेब करणारे आठ स्वतंत्र मेंदू. रायझनमध्ये अशा दोन चकत्या, एपिकमध्ये बारा. गंमत अशी, की दोन्हीकडच्या चकत्या एकाच आराखड्याच्या आहेत, झेन ४ या एकाच कुळातल्या.

तरीही रायझनचा कोअर सेकंदाला ५.७ अब्ज ठोक्यांपर्यंत, म्हणजे ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो आणि एपिकमधला त्याचा भाऊ ३.७ वर थांबतो. महागडा तो, आणि हळूही तोच! सर्व्हरचा प्रोसेसर म्हणजे घरच्या प्रोसेसरचा थोरला, ताकदवान भाऊ अशी बहुतेकांची समजूत असते. ती इथेच अडखळते.

मुद्दाम हळू का ठेवला, याचं उत्तर विजेत आहे. कोअरचे ठोके वाढवायचे तर त्याला मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेजही वाढवावं लागतं. लागणारी वीज ठोक्यांच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या पटीत. हेच उलटं करून पाहा. ठोके आणि व्होल्टेज दोन्ही पाचव्या हिश्श्याने कमी केले, तर वीज होते ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे साधारण निम्मी. वेग गेला वीस टक्के, वीज वाचली पन्नास टक्के. वाचलेल्या विजेत तसाच दुसरा कोअर चालवा. तेवढ्याच विजेत काम १.६ पट. सर्व्हरच्या प्रोसेसरचं सगळं अर्थशास्त्र या एका गुणाकारावर उभं आहे. रायझन १७० वॅटचा, म्हणजे कोअरमागे जवळपास ११ वॅट. (हे कागदोपत्री. सगळे कोअर कामाला जुंपले की तो २३० वॅटपर्यंत जातो.) एपिक ३६० वॅटचा, पण कोअर ९६, म्हणजे प्रत्येकी पावणेचार वॅट. हजारो सर्व्हर असलेल्या डेटा सेंटरमध्ये जळलेला प्रत्येक वॅट उष्णता होऊन बाहेर पडतो आणि ती उष्णता काढायला पुन्हा वीजच लागते. तिथे वेगापेक्षा ही काटकसर मोलाची.

मग टेबलावरच्या संगणकात ही काटकसर का नको? कारण तिथे वाट पाहणारा माणूस एकच असतो, आणि तो अधीर असतो.

तुम्ही सेकंदाला पाच अक्षरं टाइप करता असं धरू. दोन अक्षरांच्या मधल्या वेळात पाच गिगाहर्ट्झच्या कोअरचे एक अब्ज ठोके पडून जातात. म्हणजे संगणक बहुतेक वेळ हात बांधून बसलेला असतो. मग अचानक तुम्ही एखादं जड पान उघडता, मोठ्या तक्त्यातला एक आकडा बदलता, गेममध्ये वळणावरून गाडी फिरवता, आणि ते काम आत्ता, या क्षणी व्हायला हवं असतं. अशा वेळी एकदोन कोअरनी जीव तोडून धावायचं आणि काम संपलं की पुन्हा निवांत व्हायचं. टेबलावरचा प्रोसेसर या छोट्या धावांसाठीच बांधलेला असतो. सर्व्हरला अशी उसंत नसते. एकाच वेळी हजारो लोकांच्या मागण्या त्याच्यावर येत असतात, दिवसरात्र. त्यातल्या एकाला उत्तर मिळायला काही हजारांश सेकंद जास्त लागले तर कुणाला कळतही नाही. पण रांग तुंबली तर सगळ्यांनाच कळतं.

उत्तरपत्रिका तपासण्याचं उदाहरण घ्या. पाच हजार उत्तरपत्रिका आहेत. सोळा चपळ परीक्षक बरे, की सावकाश काम करणारे शहाण्णव? अर्थातच शहाण्णव. आता एकच लांबलचक प्रबंध तपासायचा आहे, आणि त्याचं प्रत्येक प्रकरण आधीच्या प्रकरणावर बेतलेलं आहे. इथे शहाण्णव जण बोलावून उपयोग काय? एक वाचणार, पंच्याण्णव त्याच्या तोंडाकडे बघणार.

खरी कामं या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात. अशा कामांचा हिशेब जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडला, आणि मला तो संगणकशास्त्रातला सगळ्यात निर्दयी हिशेब वाटतो. समजा, रायझनच्या एका कोअरला एक काम करायला ६० मिनिटं लागतात. त्यातलं ५४ मिनिटांचं काम हवं तितक्या जणांत वाटता येतं. उरलेलं सहा मिनिटांचं मात्र एकाच्यामागे एक असंच करावं लागतं. सोळा कोअरमध्ये वाटलं तर ५४ चे साडेतीन मिनिटांहून थोडे कमी होतात. सहा तसेच राहतात. एकूण साडेनऊ मिनिटांच्या आत. आता शहाण्णव कोअर लावा. ५४ मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटावर येतं, पण सहा मिनिटं हटत नाहीत. साडेसहा मिनिटं झाली. वर हे कोअर दीडपटीहून जास्त संथ, म्हणजे प्रत्यक्षात दहा मिनिटं. सहापट कोअर असूनही एपिक हरला! (दोघेही आपापल्या कमाल वेगाने धावतायत असं इथे धरलंय. खऱ्या जगात सगळे कोअर कामाला लागले की दोघांचाही वेग थोडा उतरतो.) आणि हे नव्वद टक्के वाटता येणाऱ्या कामाचं झालं. घरगुती वापरातली बरीच सॉफ्टवेअर इतकीही वाटता येत नाहीत.

मात्र वाटता न येणारा भाग दहा टक्क्यांऐवजी एकच टक्का असेल, तर चित्र फिरतं. तेच तासाभराचं काम रायझनला सव्वाचार मिनिटांचं आणि एपिकला दोन मिनिटांहून कमी. चित्रपटातल्या त्रिमितीय दृश्यांचं रेंडरिंग, म्हणजे गणिताने चित्र तयार करणं, हवामानाचं गणित, एका यंत्रावर चालणारी पन्नास आभासी यंत्रं (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) ही सगळी या जातीची कामं. कोअरची संख्या वाचून हुरळण्याआधी आपलं काम कोणत्या जातीचं, हे विचारलेलं बरं. नाहीतर एक ना धड, भाराभर कोअर.

कोअरची चर्चा फार होते. पण या दोन प्रोसेसरमधली खरी दरी कोअरच्या बाहेर आहे, असं माझं मत आहे. रायझन ज्या सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत, बसतो त्यात १,७१८ संपर्कबिंदू असतात. एपिकच्या सॉकेटमध्ये ६,०९६. हे जास्तीचे चार हजारांहून अधिक संपर्क कशाला? काही वीज आणायला, पण पुष्कळसे बाहेरच्या जगाशी बोलायला. रायझनकडे रॅमपर्यंत, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या स्मृतीपर्यंत, जाणारे दोन रस्ते आहेत, एपिककडे बारा. रायझनला ग्राफिक्स कार्ड, एसएसडी वगैरे जोडायला २४ पीसीआय मार्गिका, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याच्या वाटा, मोकळ्या मिळतात. एपिककडे १२८ आहेत. एक मोठं ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने चालवायला १६ मार्गिका लागतात. म्हणजे रायझनवर असं एक कार्ड जोडलं की उरतात त्या एकदोन एसएसडींपुरत्या.

रॅमच्या रस्त्यांचं महत्त्व हल्ली नव्याने कळू लागलंय, ते भाषेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. तिचं मॉडेल, म्हणजे आकड्यांचा प्रचंड संच, आपल्याच संगणकावर, ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवायचं असेल तर प्रत्येक शब्दखंडासाठी प्रोसेसरला मॉडेलमधले जवळपास सगळे आकडे रॅममधून एकदा ओढून आणावे लागतात. समजा मॉडेल ४० गिगाबाइटचं आहे. रायझनची रॅम अधिकृत वेगाने सेकंदाला सुमारे ८३ गिगाबाइट देऊ शकते, म्हणजे सेकंदाला फार तर दोन शब्दखंड. एपिकची कमाल ४६० गिगाबाइट, म्हणजे अकरा. इथे ५.७ आणि ३.७ या आकड्यांना काही अर्थच उरत नाही. कोअर कितीही चपळ असो, माल पोचलाच नाही तर तो करणार काय?

रॅमच्याच बाबतीत आणखी एक फरक आहे, कमी चर्चेतला. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधल्या स्खारबेक इथे मतदान यंत्रांवर निवडणूक झाली, आणि एका उमेदवाराला खऱ्या मतांपेक्षा तब्बल ४,०९६ मतं जास्त मिळाली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. स्मृतीतला तेरावा बिट, म्हणजे शून्य किंवा एक साठवणारा कप्पा, शून्याचा एक झाला की नेमकी एवढीच वाढ होते. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडेना. अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाने तो बिट पालटला असावा, असं स्पष्टीकरण तेव्हापासून दिलं जातं.

बिट असे अधूनमधून पालटतातच. त्यावरचा उपाय रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. बेल लॅब्जमध्ये ते शनिवार-रविवारसाठी यंत्रावर काम लावून जायचे आणि सोमवारी येऊन पाहावं तर चूक सापडली म्हणून यंत्राने काम अर्धवट टाकून दिलेलं असायचं. यंत्राला चूक ओळखता येते, मग दुरुस्त का करता येऊ नये, या वैतागातून चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा जन्म झाला. सर्व्हरच्या रॅममध्ये दर ६४ बिटांमागे निदान आठ जादा बिट असतात. एक बिट पालटला तर तो जागच्या जागी सुधारला जातो, दोन पालटले तर निदान कळतं. गूगलच्या सर्व्हरांवर टोरांटो विद्यापीठाच्या सहभागाने झालेला २००९ सालचा अभ्यास सांगतो, की वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅमच्या पट्ट्यांत निदान एक तरी चूक झाली. घरी एक बिट पालटला तर फोटोतला एक ठिपका बदलेल किंवा गेम बंद पडेल. बँकेच्या खात्यात पालटला तर? डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या चिपमध्ये आता थोडीफार अंतर्गत दुरुस्ती असते खरी, पण ती चिपपुरती. रॅम ते प्रोसेसर या प्रवासाची हमी ती देत नाही. रायझनला दुरुस्तीवाली रॅम चालू शकते, मदरबोर्ड बनवणाऱ्याने सोय ठेवली असेल तर. माझ्या मते वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रं साठवणारं यंत्र घरी ठेवणाऱ्याने शहाण्णव कोअरची स्वप्नं सोडून आधी ही सोय पाहावी.

गेम खेळणाऱ्याने सर्व्हरच्या प्रोसेसरकडे फिरकूच नये. गेम म्हणजे तो एकामागून एक वाचायचा प्रबंध. गेमला आवडते ती मोठी कॅशे, म्हणजे कोअरच्या अगदी शेजारची छोटी स्मृती. ती देणारी युक्ती मात्र सर्व्हरच्याच घरून आलेली आहे. सिलिकॉनवर कॅशेचा आणखी एक मजला चढवून एएमडीने ७६८ मेगाबाइट कॅशेचे सर्व्हर प्रोसेसर मार्च २०२२ मध्ये आणले, आणि पुढच्याच महिन्यात तीच युक्ती ९६ मेगाबाइटच्या रूपात रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये गेमवाल्यांच्या हाती पडली. ही वाट जुनी आहे. इंटेलचं हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एका कोअरकडून एकाच वेळी दोन कामं करून घेण्याची युक्ती, २००२ साली आधी झिऑन या सर्व्हर प्रोसेसरमध्ये आलं, मग घरगुती पेंटियम ४ मध्ये. एएमडीची ६४ बिटांची रचना एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन या सर्व्हर प्रोसेसरमध्ये आली, सप्टेंबरमध्ये घरगुती अ‍ॅथलॉन ६४ मध्ये.

व्हिडिओ संपादनातही टेबलावरचा प्रोसेसर सहसा सरस ठरतो, कारण त्याच्या पोटात अनेकदा छोटं ग्राफिक्स असतं आणि व्हिडिओ उलगडण्याचं काम ते परस्पर करतं. मोठ्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ते नसतंच. सर्व्हरसमोर पडदा घेऊन कोण बसणार? सॉफ्टवेअर लिहिणारे मात्र कुंपणावर बसलेले. रोजचं छोटं काम चपळ कोअरवर सुखाने होतं, पण लाखो ओळींचा प्रकल्प मुळापासून बांधायचा असेल तर शहाण्णव परीक्षक हवेहवेसे वाटतात.

डेटा सेंटरमधून निकाली निघालेले जुने सर्व्हर प्रोसेसर कमी किमतीत मिळतात, आणि इथे भलेभले फसतात. २०१६ सालचा झिऑन ई५-२६८० व्ही४ घ्या. चौदा कोअर, ऐकायला भारी. पण मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, कमाल ३.३, आराखडा जुना, पोटात ग्राफिक्स नाही आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाव नाही. घरच्या कामांसाठी तो घेणं म्हणजे हत्ती दारात बांधून रोज दुकानापर्यंत जायला वापरण्यासारखं. त्याच हत्तीवर आभासी यंत्रांचे प्रयोग करायचे असतील तर मात्र सौदा वाईट नाही. पूर्ण सर्व्हरच उचलून आणला तर पंख्यांच्या आवाजाची तयारी ठेवा. ते माणसाशेजारी बसण्यासाठी बनवलेलेच नसतात.

उलट टोकाला एपिक ९१७४एफ आहे. यात कोअर फक्त सोळा, रायझनइतकेच, पण कॅशे २५६ मेगाबाइट आणि वीज ३२० वॅट. आठ चकत्या, प्रत्येकीवर आठांतले दोनच कोअर जागे! हा विक्षिप्तपणा कशासाठी? काही मोठ्या डेटाबेसचा परवाना कोअरच्या संख्येवर विकला जातो. तिथे प्रोसेसरपेक्षा परवाना महाग पडतो, म्हणून मोजकेच कोअर घेऊन प्रत्येकाला राजेशाही थाटात ठेवलं जातं. हा आराखडा ठरवला तो भौतिकशास्त्राने नव्हे, हिशेबनिसाने.

आणि मे २०२४ मध्ये एएमडीने छोट्या उद्योगांच्या सर्व्हरसाठी एपिक ४५६४पी आणला. सोळा कोअर, ४.५ गिगाहर्ट्झ मूळ वेग, ५.७ कमाल, १७० वॅट, सॉकेट १,७१८ संपर्कांचं. ओळखीचे आकडे वाटतात ना? रायझन ९ ७९५०एक्सचेच आहेत.