पिंपातली वाइन आणि दलालाची जीभ

दिंडोरीकडच्या एखाद्या वाइनरीत जांभळट, जीभ कोरडी पाडणारी रेड पुढ्यात आली की चाखवणारा हमखास सांगतो, ‘अजून कोवळी आहे, मुरली की बघा.’ हे पुढचं आजच ओळखायची सवय रसिकांनी नाही, व्यापाऱ्यांनी लावली, आणि तीही फ्रान्समधल्या बोर्दोत.

इस्टेटीच्या, म्हणजे द्राक्षमळ्याच्या नावाने वाइन ओळखायची रीत तिथे सतराव्या शतकात रुजू लागली. सॅम्युअल पेप्स या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याने १० एप्रिल १६६३ च्या रोजनिशीत ‘ओ-ब्रियाँ’ची चव वेगळीच असल्याचं नोंदवलंय. मात्र मालकाचं काम पुढेही बराच काळ वाइन करून पिंपात भरण्यापुरतंच होतं. बोर्दो शहरातल्या शार्त्रों धक्क्यावरचे व्यापारी ती पिंपं आपल्या तळघरात नेत, मुरवत आणि बाटल्या भरत. पैसा त्यांचा अडकायचा, म्हणून पारख आधीच करणं भाग होतं. कधी तर घड वेलीवर असतानाच सौदा ठरे. नाशिकच्या बागाईतदाराला यात नवल वाटायचं कारण नाही. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या इस्टेटींची प्रसिद्ध प्रतवारी झाली, तीही मालक आणि व्यापारी यांच्यातल्या दलालांनीच बाजारभाव पाहून लावली. लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ पहिल्या श्रेणीत बसले. मुतों या इस्टेटीला तिथे पोचायला १९७३ उजाडलं.

याच मुतोंच्या फिलिप द रॉथशिल्डने १९२४ मध्ये सगळी वाइन इस्टेटीतच बाटलीबंद करायचं ठरवलं आणि व्यापाऱ्याची पकड सैल व्हायला सुरुवात झाली. पिंपातला नमुना चाखून आगाऊ खरेदी करण्याची पद्धत मात्र टिकली, उलट १९८२ च्या हंगामानंतर तिला उधाण आलं. आजही तोडणीनंतरच्या वसंतात, जेमतेम सहा महिन्यांच्या वाइनवर मतं दिली जातात. बाटली हाती येते त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. चाखलेलं मिश्रण तोवर तेच राहील याची खात्री नसते, आणि नमुना हवा लागून पटकन उतरतो. इतक्या आधारावर शंभरपैकी गुण देणं मला धाडसाचंच वाटतं.

तरी पारखायचं काय, हे त्या दलालांनी नेमकं हेरलं होतं. कोवळ्या रेडमध्ये गोडव्याला, सुगंधाला भुलायचं नाही. तुरटपणा कसा आहे ते पाहायचं: हिरड्यांवर खरखरतो की सगळ्या तोंडात सारखा पसरतो? लाळ सुटेल इतकं आम्ल आहे का? घोट थुंकल्यावर फळाची चव तुरटपणाआधी विरते की मागे उरते? फळ आधीच विरत असेल तर मुरवून फायदा नाही. काळ टॅनिनला, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या घटकाला, मऊ करतो, नसलेलं फळ आणत नाही.

नाशिकला हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही. बोर्दोत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, हवा थंडावत असताना होते. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी (फळासाठीची) छाटणी आणि जानेवारीअखेर ते मार्च तोडणी, म्हणजे ऊन चढत असताना. साखर भराभर वाढते, आम्ल घसरतं आणि साल-बियांतलं टॅनिन पिकायला वेळ पुरत नाही. शिवाय आपला इतिहासही तोकडा. पिंपळगाव बसवंतच्या माधवराव मोरे यांचा ‘पिंपेन’चा प्रयोग १९८० च्या दशकातला, आणि तोही फसफसणाऱ्या वाइनचा. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० सालची, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. तीस-चाळीस वर्षं मुरलेली नाशिकची रेड कुणी चाखलेलीच नाही, मग आजची किती टिकेल हे ताडून कशाशी पाहणार?

इथे पिंपावर सौदाही होत नाही. वाइनरी स्वतःच बाटली भरते, आणि घेणारा बहुधा ती लवकरच उघडतो. म्हणून इथल्या शिराझ जातीच्या द्राक्षाच्या कोवळ्या रेडबद्दल वीस वर्षांनंतरचं भाकीत ऐकण्यापेक्षा मी विचारतो, घड कुठल्या आठवड्यात उतरवले, पहाटेच्या गारव्यात की उन्हात, आणि आम्ल वरून घालावं लागलं का.