दुर्बिणीचा पावसाळा

जुलैतल्या एका संध्याकाळी ढग जरा विरळ झाले, म्हणून मी कपाट उघडलं आणि दुर्बिणीचं 25 मिलिमीटरचं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, काढून दिव्यासमोर धरलं. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे. पुसून पाहिले, गेले नाहीत. ती बुरशी होती आणि भिंगाच्या आतल्या बाजूला होती. हे आयपीस मी फार जपलं होतं: चामड्याच्या पाकिटात, पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपड्यांच्या मागे. जपण्याच्या नादात मी त्याला ओलीत कोंडलं होतं.

नवी दुर्बीण घरी आली की आपल्याला धास्ती वाटते ती धुळीची. पण धुळीने फारसं बिघडत नाही. आरशाच्या छोट्या दुर्बिणीत नळीच्या तोंडाशी बसवलेला तिरका आरसाच पाच-सात टक्के प्रकाश अडवतो, तरी शनीची कडी दिसतात. त्यापुढे थोडी धूळ किरकोळच. उलट ती पुसायला गेलं की चरे पडतात, कारण काचेवरचा ॲल्युमिनियमचा चकचकीत थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढाच जाड असतो.

खरी वैरी ओल. हवेतली आर्द्रता बरेच दिवस 70 टक्क्यांच्या वर राहिली आणि जागा कोंदट, अंधारी असली, की बुरशी रुजते. बोटांचा तेलकटपणा आणि धूळ एवढं खाद्य तिला पुरतं. तिच्यातून पाझरणारी आम्लं भिंगावरचा लेप खातात, पुढे काचही कोरतात. मग बुरशी निघाली तरी डाग राहतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळाभर हवा बहुधा या रेषेच्या वरच असते.

म्हणून दुर्बिणीला वारं लागेल अशी जागा द्या. ओल येणारी भिंत, न्हाणीघराची बाजू, फोडणीचा धूर येणारा कोपरा नको. माळाही नको, एकदा वर गेलेली दुर्बीण सहसा खाली येत नाही. पंखा फिरतो त्या खोलीत नळी आडवी, टोपण लावून ठेवा आणि वर जुनी सुती चादर टाका. मूळ खोक्याचा पुठ्ठा ओल धरून ठेवतो, तो फक्त घर बदलताना वापरा. लाल ठिपक्याच्या फाइंडरमधला (नेम धरायच्या छोट्या साधनातला) सेल मात्र जूनमध्येच काढून ठेवा.

आयपीसचं याच्या अगदी उलट. ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पण ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसकट. डब्यातली हवा थोडीच असते, ती हे दाणे कोरडी करू शकतात. अख्ख्या नळीला ते पुरे पडत नाहीत. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. ओल शोषायला तांदूळही ठेवू नका, त्याची पिठूळ धूळ भिंगाला नको.

हिवाळ्यात ओल दुसऱ्या वाटेने येते. डिसेंबरात पुण्याच्या गच्चीवर काच 12 अंशांपर्यंत थंड झालेली असते. 24 अंशांच्या खोलीत ती आली की घरातल्या हवेतलं बाष्प तिच्यावर दव होऊन बसतं. मुंबईच्या पावसाळ्यात हेच उलट्या दिशेने घडतं: बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असली की 26 अंशांखालच्या कुठल्याही काचेवर पाणी धरतं, मग एसीतून बाल्कनीत नेलेलं आयपीस लगेच धुकटतं. गच्चीवरून उतरताना टोपण तिथेच लावा. तासाभराने काच खोलीइतकी उबदार झाली की टोपण काढा, आत दव असेल तर ते रात्रभरात सुकू द्या. ओली नळी बंद करून झोपणं सर्वांत वाईट.

सकाळी ऊन यायच्या आत मात्र टोपण आठवणीने लावा. 114 मिलिमीटरचा आरसा भर उन्हात सुमारे 10 वॉट ऊर्जा गोळा करतो आणि ती नाण्याहून लहान ठिपक्यात आणतो. तो ठिपका पडद्यावर पडला तर पडदा जळू शकतो, आणि कुतूहलाने पोराने डोळा लावला तर त्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. आमच्या घरी खिडकीजवळचा कोपरा म्हणूनच पहिल्या दिवशी बाद झाला.